अर्धे आभार

‘आता आभारप्रदर्शन’ असं सूत्रसंचालकानं म्हटलं, की आपल्याकडे सभागृहात एक ठरावीक आवाज सुरू होतो. खुर्च्या मागे सरकतात, पिशव्या उचलल्या जातात, पाय अंधारात चपला चाचपायला लागतात. व्याख्यातासुद्धा घड्याळ बघून घेतो. बोलायला उभा राहिलेला माणूस मंडपवाल्यापासून पाणी देणाऱ्यापर्यंत सगळ्यांची नावं घेत असतो आणि ज्यांची नावं असतात ते सोडून कुणीच ऐकत नसतं. मी विद्यापीठाच्या बहिःशाल विभागात जन्म काढला. गावातल्या लोकांसाठी व्याख्यानं ठेवायची, सिनेमे दाखवायचे, हेच माझं काम. तेव्हा असले आभार मी किती ऐकले असतील ते मोजायची सोय नाही. त्यांतले जागेवर बसून ऐकावेत असे आभार एकाच माणसाचे होते.

त्या माणसाचं नाव बशीर पठाण. आमच्या विभागात वरिष्ठ लिपिक. पांढरी पँट, फिकट निळा बुशशर्ट, खिशात बडीशेपेची पुडी. उंची बेताची, आवाज मात्र उंच माणसाचा. सगळे त्यांना बशीरभाई म्हणत. मी नवा नवा रुजू झालो तेव्हा मला वाटलं, लिपिकाला आभार मानायला लावतात म्हणजे इथं माणसांची टंचाई दिसते. पहिल्याच गुरुवारी माझा गैरसमज दूर झाला.

आमची व्याख्यानं गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता असत. बाहेरच्या फळ्यावर खडूनं विषय, वक्त्याचं नाव आणि खाली ‘सर्वांना प्रवेश खुला’ असं लिहिलेलं असे. ही शेवटची ओळ विद्यापीठात कुणी फारशी मनावर घेत नसे, पण गावातले काही लोक घेत. पुढच्या रांगेत नाइलाजानं आलेले प्राध्यापक, मध्ये हजेरीसाठी बसवलेली मुलं आणि सगळ्यात मागं ही गावातली मंडळी. औरंगपुऱ्यात शिवणकाम करणारे गुलाबराव त्या दिवशी दुकान लवकर बंद करून येत. विद्यापीठाच्या बागेत काम करणाऱ्या कौसाबाई पहिल्यांदा आल्या त्या पंख्याखाली बसायला, असं त्या स्वतःच सांगत. मग पंखा नसला तरी यायला लागल्या. चितेगावच्या कारखान्यात काम करणारे दोघंतिघं सुट्टीचा वार बदलून घेऊन येत. या सगळ्यांना व्याख्यानातलं सगळं कळत असे असं मुळीच नाही. मलाही कळत नसे, पण मी पुढे बसत असल्यामुळे मान हलवत असे.

बशीरभाई स्टेजच्या डाव्या अंगाला, ॲम्प्लिफायरजवळ एका स्टुलावर बसत. व्याख्यानाआधी माईक तपासायचा तो त्यांनीच, आणि ‘हॅलो, हॅलो’ वगैरे काही नाही. ते मूळचे लासूर स्टेशनचे. माईकसमोर उभे राहून खणखणीत आवाजात रेल्वेची स्टेशनं म्हणत, “लासूर, पोटूळ, दौलताबाद, औरंगाबाद, चिकलठाणा, करमाड!” जालन्यापर्यंत आवाज नीट आला की माईक पास. एकदा दिल्लीहून आलेल्या एका पाहुण्यांना ही स्वागताची स्थानिक पद्धत वाटली आणि त्यांनी हात जोडले, मग टाळ्या वाजवल्या.

व्याख्यान सुरू झालं की बशीरभाईंच्या उजव्या हाताची मूठ वळलेली असे. वक्ता काहीतरी नेमकं बोलला की एक बोट उघडायचं. दुसरं नेमकं बोलला की दुसरं. तीन बोटं उघडल्यावर चौथ्याची वेळ आली तर ते आधीच्या तिनांतलं एक मिटून टाकत. कोणतं मिटायचं याचा त्यांच्या चेहऱ्यावर चाललेला झगडा हा माझ्यासाठी व्याख्यानाचा सगळ्यात रंगतदार भाग असे. मी एकदा विचारलं, “चार ठेवली तर काय बिघडतं?”

“सर, माणूस इथून सायकलवर घरी जाणार. वाटेत ट्रक आहेत, खड्डे आहेत. तीन गोष्टी पोचल्या तर लई झालं.”

मग ते आभाराला उभे राहत. मंडपवाले, पाणीवाले नाहीत. “अध्यक्ष महाराज, पाहुणे, आणि जमलेले सगळे. थोडक्यात असं,” इथून सुरुवात. दोन मिनिटांच्या आत अख्खं व्याख्यान मागच्या रांगेच्या ओंजळीत पडायचं.

मला आठवतात ते लेण्यांमधल्या चित्रांवरचे आभार. पुण्याच्या एक विदुषी तासभर रंग, रेषा, अवकाश असं बरंच बोलल्या होत्या. बशीरभाई म्हणाले, “थोडक्यात असं, की भिंतीवर राजा काढणाऱ्या माणसानं राजाच्या पायापाशी बसलेली दासी जास्त जीव लावून काढलीय. कारण राजा त्यानं ऐकलेला होता, दासी रोज बघितलेली होती. येत्या रविवारी लेणी बघायला गेलात तर राजा बघू नका, दासी बघा. बाईंनी आम्हाला बघायला शिकवलं, त्याबद्दल बाईंचे आभार.” त्या विदुषींनी पर्समधून वही काढून हे लिहून घेतलं. त्यांचंच वाक्य, पण त्यांना बहुधा पहिल्यांदाच ऐकू आलं होतं. कौसाबाई पुढच्या रविवारी खरोखरच एस.टी.त बसून दासी बघून आल्या आणि ‘तिच्या पायाची बोटं बी काढल्यात’ म्हणून आम्हाला सांगत होत्या.

हे त्यांना कसं जमतं, असं मी एकदा कँटीनमध्ये विचारलं. बशीरभाईंनी बडीशेप तोंडात टाकली आणि बराच वेळ चावली.

“सर, मी चौथीपर्यंत उर्दूत शिकलो. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि शाळेची जबान बदलली. मास्तर मराठीत शिकवायला लागले. बोलायची मराठी मला येत होती, मार्केटातली. पुस्तकातली येत नव्हती. वर्षभर वर्गात बसलो अन् कायबी कळलं नाय. सगळे हसले की मी पण हसायचो, एक सेकंद मागं.” ते थोडे हसले. “शेजारी दत्तू म्हणून एक पोरगा बसायचा, कुणब्याचा. शाळा सुटली की हापशावर पाणी पिताना तो मला दोन वाक्यांत सांगायचा, आज मास्तर काय बोलले ते. फक्त दोन. त्याच्यावर मी पास झालो.”

नंतर ते मराठी घेऊन बी.ए. झाले, नोकरीला लागले. पण कुठल्याही सभागृहात एक सेकंद मागं हसणारा माणूस त्यांना लांबून ओळखू येत असे, आणि तो दिसला की त्यांना चैन पडत नसे.

अशा माणसाच्या हातून ती गोष्ट घडली, म्हणून ती जास्त लागली.

मी रुजू झालो त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. चांदेकर सरांचं व्याख्यान ठरलं. इतिहासातलं मोठं नाव, मराठवाड्यात क्वचित येणारे. विषय होता ‘मौनाचा इतिहास’. आमच्या तेव्हाच्या संचालकांनी या कार्यक्रमासाठी महिनाभर जीव टाकला होता. सभागृह भरलं. चांदेकर सर दीड तास बोलले. ‘नोंदींची अनुपस्थिती’, ‘मौनाची संरचना’, ‘अभिलेखबाह्य जाणीव’. मी मान हलवत होतो. मध्येच माझं लक्ष बशीरभाईंकडे गेलं आणि मान हलवायची थांबली. त्यांची मूठ वळलेलीच होती. सव्वा तास झाला तरी एक बोट उघडलं नव्हतं. कपाळाला घाम आला होता आणि ते वक्त्याकडे असे बघत होते, की जणू काही लांब उभ्या माणसाच्या ओठांवरून वाचायचा प्रयत्न चाललाय.

आभाराला ते उभे राहिले. मागची रांग नेहमीप्रमाणे सरसावून बसली.

“अध्यक्ष महाराज, चांदेकर सर, आणि जमलेले सगळे. थोडक्यात असं, की आज मला कळलं नाय.” सभागृहात कुणीतरी फसकन हसलं. बशीरभाई हसले नाहीत. “सर मोठे आहेत, बोलणंही मोठंच असणार. कमी मी पडलो असेन. पण जे मला कळलं नाय, ते मी तुम्हाला कसं सांगू? सर एवढ्या लांबून आले, आमच्यासाठी घसा कोरडा केला, त्याचे आभार मानतो. बोलण्याचे आभार आज मानत नाय. ते कळल्यावर मानीन. आजचे हे अर्धे समजा.”

मग मागून गुलाबरावांनी एकट्यांनी टाळी वाजवली, आणि त्यानं जास्तच बिघडलं. चांदेकर सरांनी कागद गोळा केले, चहाला न थांबता गाडीत बसले.

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत जे झालं ते मी ऐकलं, कारण मी तिथंच उभा होतो. “सभेचा काही शिष्टाचार असतो, पठाण! एवढा मोठा माणूस, आणि तुम्ही त्याला भर सभेत अर्धे आभार देता?” संचालक वाईट मनाचे नव्हते. महिनाभर जीव टाकलेला माणूस होता, तो दुखावला होता. त्यांनी लेखी खुलासा मागितला. मजकूरही सांगितला: व्याख्यान मला समजले होते, परंतु अनवधानाने चुकीचे शब्द गेले, क्षमस्व. एवढं लिहून द्या, विषय संपला. नाही दिलं, तर स्टेजवर पुन्हा पाऊल ठेवायचं नाही.

मला वाटलं, लिहून टाकतील. कुणीही लिहिलं असतं. मी तर लिहून वर दोन ओळी जास्तीच्या टाकल्या असत्या. व्हरांड्यात आल्यावर तसं म्हणालोही.

“सर, अपमान झाला असंल तर त्याची माफी आत्ता मागतो. त्यांच्या घरी जाऊन मागतो. पण ‘समजलं होतं’ असं कसं लिहू?” बशीरभाई कठड्याला टेकले. “हे खोटं लिहिलं, तर आजवर मागच्या लोकांना जे जे सांगितलं, ते पण असंच होतं असं व्हईल ना. मग कौसाबाईला मी कोणत्या तोंडानं सांगू, की ही दासी बघ?”

त्यांनी लिहून दिलं नाही. त्यांना स्टेजवरून काढून सिनेमाच्या यंत्रखोलीत बसवलं. मी खोलीत गप्प उभा होतो तसाच पुढेही गप्प राहिलो, ही गोष्ट मला अजून डाचते. आणि गुरुवारचे आभार कुणाकडे आले म्हणता? माझ्याकडे.

मी चांगली तयारी करून आभार मानत असे. सुभाषितं, कोट्या, सगळं. पहिल्याच गुरुवारी चपला शोधण्याचा आवाज सुरू झाला. दोन महिन्यांनी कौसाबाई बागेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “सर, तुम्ही बोलता लई छान. पण घरी जाऊन सांगायला काय उरत नाय बघा.” मागची रांग हळूहळू पातळ झाली. चितेगावचे लोक यायचे बंद झाले. फळ्यावर ‘सर्वांना प्रवेश खुला’ तेवढं राहिलं.

ती रांग मग शनिवारी दिसायला लागली. शनिवारी संध्याकाळी आम्ही सिनेमे दाखवत असू, देशोदेशीचे, खाली इंग्रजी अक्षरं धावणारे. यंत्र एकच होतं. एक रीळ संपलं की दिवे लागायचे आणि दुसरं चढवेपर्यंत चार-पाच मिनिटं जायची. यंत्रखोलीची चौकोनी खिडकी बरोबर शेवटच्या रांगेच्या डोक्यावर उघडायची. एका शनिवारी कौसाबाईंनी मान वर करून विचारलं, “भाई, ती बाई रडती कशापायी?” बशीरभाईंनी रीळ चढवता चढवता उत्तर दिलं. बंदी स्टेजवर होती, खिडकीबद्दल हुकुमात काही लिहिलेलं नव्हतं. पुढच्या शनिवारपासून दिवे लागले की मागची सगळी डोकी वर व्हायची.

इंग्रजी बशीरभाईंना जेमतेम येत होतं. ते माणसांच्या चेहऱ्यांवरून गोष्ट लावत. त्यातून एकदा मोठा घोटाळा झाला. बर्फाळ देशातला सिनेमा होता. मोठं घर, दोन पुरुष, एक बाई, तिघं जेवणाच्या टेबलावर एकमेकांना टोचून बोलतायत. पहिल्या रिळानंतर बशीरभाईंनी खिडकीतून जाहीर केलं, “दोघं भाऊ आहेत. बापाच्या माघारी घराची वाटणी चाललीय. बहीण मधी पडली.” चार रिळं ते वाटणी सांगत राहिले आणि मागची रांग श्वास रोखून बघत राहिली. सिनेमा सुटल्यावर इंग्रजीचे एक प्राध्यापक मला हसत हसत म्हणाले, “अहो, ते भाऊ नव्हते. एक तिचा नवरा आणि दुसरा तिचा पहिला नवरा!”

मी ते बशीरभाईंना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते पांढरेफटक पडले. पुढच्या शनिवारी सिनेमा सुरू व्हायच्या आधी ते खाली आले आणि मागच्या रांगेतल्या एकेकाजवळ जाऊन सांगू लागले, “मागच्या शनिवारी मी चुकीचं सांगितलं. माफ करा. ते भाऊ नव्हते.”

कौसाबाईंनी त्यांना मधेच थांबवलं. “असू द्या वो भाई. आमच्या घरात सध्या वाटणीचंच चाललंय. मला तेच बघायचं होतं.”

बशीरभाईंना हे अजिबात पटलं नाही. त्यांनी बसून कौसाबाईंना सगळा सिनेमा पहिल्यापासून नीट सांगितला आणि मगच त्या दिवशीचं यंत्र सुरू केलं. पंधरा मिनिटं उशीर झाला. पुढच्या रांगेला वाटलं, यंत्र बिघडलंय.

यंत्रखोलीत त्यांनी आणखी एक उद्योग लावून घेतला होता. व्याख्यानं आम्ही कॅसेटवर भरून ठेवत असू. चांदेकर सरांच्या व्याख्यानाची कॅसेट त्यांनी कपाटातून सही करून नेली. दुपारी रिळं गुंडाळायचं काम चाललेलं असताना ती लावून ठेवायची. पहिल्यांदा मी खोलीत गेलो तेव्हा ते म्हणाले, “सर, आज नवव्या मिनिटापर्यंत गेलो.” काही महिन्यांनी, “अकरा.” एखादा शब्द अडला की चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे आणत. शब्दाचा अर्थ सांगितलेला चाले, त्याहून पुढे मी काही बोलायला लागलो की हात वर करत.

“नक्को सर. तुम्ही सांगितलं तर ते तुमचं कळणं झालं.”

एक वर्ष गेलं, दोन गेली. ती कॅसेट झिजून आवाज खरखरायला लागला, तेव्हा त्यांनी तिची नक्कल करून घेतली. मी त्यांना चिडवायचो, “बशीरभाई, एवढ्यात तर माणसं पीएच.डी. होतात.” ते म्हणत, “त्यांना गाईड असतो.” हसण्यावारी नेलं तरी मला माहीत होतं, की गुरुवारी पाच वाजता ते यंत्रखोलीचं दार लोटून घेतात. खाली चाललेल्या सभेचा आवाज आत येऊ नये म्हणून. ज्या माणसाला त्या दोन मिनिटांशिवाय दुसरी हौस नव्हती, त्याच्याकडून आम्ही ती काढून घेतली होती.

अशी सात वर्षं गेली. त्या वर्षीच्या हिवाळ्यात बशीरभाईंचे वडील लासूरला वारले. चांगले ऐंशीच्या पुढचे होते. बशीरभाई पंधरा दिवसांनी कामावर आले, दोन दिवस कुणाशी फारसे बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“सर, कळलं.”

“काय कळलं?” मी खरोखरच विचारलं, कारण माझ्या डोक्यात दुसरंच काही होतं.

“चांदेकर सर. शेवटपर्यंत.”

“मग सांगा की!”

“आधी त्यांना.”

त्याच दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात माफीचा अर्ज लिहिला. तो मी वाचला आहे. ‘व्याख्यान त्या दिवशी मला समजले नव्हते हे खरे आहे. आता समजले आहे. दोष व्याख्यानाचा नव्हता. मी ऐकण्यास तयार नव्हतो.’ एव्हाना जुने संचालक निवृत्त झाले होते आणि त्यांच्या जागी एक बाई आल्या होत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, फाइल मागवली. फाइल नव्हती. कार्यालय नव्या इमारतीत हलवताना ती कुठे गेली ते कुणालाच माहीत नव्हतं. बंदीचा कागदच उरला नव्हता, आणि बशीरभाई इतकी वर्षं ती पाळत होते.

मॅडम म्हणाल्या, “पठाण, या गुरुवारपासून तुम्हीच आभार माना. काय पाटील सर, तुमची हरकत नाही ना?” मला इतकं हायसं वाटलं, की मी खुर्चीतून उठलो.

बशीरभाई मात्र उभेच. “मॅडम, आधी राहिलेले देऊन येतो. ते अर्धे तसेच ठेवून दुसरे कसे मानू? आणि ह्या अर्जावर तेवढा आवक क्रमांक टाकायला सांगा.”

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत गुरुवार पुन्हा त्यांचे झाले आणि मागची रांगही परत आली. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण बशीरभाई म्हटलं, की माझ्या डोळ्यांपुढे ते सभागृहात नसतात. ते असतात सिडकोतल्या एका घराच्या बैठकीच्या खोलीत.

चौकशी केली तेव्हा कळलं, की चांदेकर सर निवृत्तीनंतर पत्नीसह औरंगाबादलाच, सिडकोत लेकीकडे राहायला आलेत. एका रविवारी सकाळी मी बशीरभाईंना स्कूटरवर घेतलं. औरंगपुऱ्यात त्यांनी थांबायला लावून हार आणि नारळ घेतला. “पाहुण्यांना देतो तसंच द्यायचं,” म्हणाले. वाटभर ते मागं बसून काहीतरी पुटपुटत होते.

चांदेकर सर वेताच्या खुर्चीत पेपर वाचत बसले होते. खूप थकले होते. मी माझी ओळख सांगितली. बशीरभाई पुढे झाले. “सर, मी बशीर पठाण. अर्धे आभार मानणारा.”

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम ताठ झाला. “विसरेन होय! दहा ठिकाणी सांगितलंय मी ते. मराठवाड्यात मला एकानं अर्धे आभार दिले म्हणून.” मग जरा थांबून, पेपरची घडी घालत ते म्हणाले, “पण गंमत बघा, बोललो काय होतो ते मला आता काहीसुद्धा आठवत नाही.”

बशीरभाईंनी हार घातला, हातात नारळ दिला, आणि तीन पावलं मागं सरकून, समोर भरलेलं सभागृह असावं तसे उभे राहिले.

“चांदेकर सर, पाटील सर. थोडक्यात असं. माझे वडील लासूरच्या मार्केटात मापाडी होते. धान्य मोजायचे. मोजता मोजता गोष्टी सांगायचे, लोक ऐकायला थांबायचे. पोलीस ॲक्शनच्या गडबडीत त्यांचा दोस्त बायकापोरं घेऊन निघून गेला. पुन्हा आला नाय. जिता आहे का मेला, कळलं नाय. तिथून अब्बा गप झाले. म्हणजे हां, नाय, जेवलास का, एवढं बोलायचे. गोष्टी बंद. ते जाईपर्यंत बंद. घरात आम्ही म्हणायचो, अब्बाकडं सांगण्यासारखं कायबी नाय. मी जगाचं बोलणं जगाला सांगत फिरलो, अन् घरातल्या गप माणसाला रिकामा समजलो.”

त्यांनी चांदेकर सरांकडे हात केला.

“सर सांगतात, ज्याचं बोलणं कुठल्या कागदावर नाय, त्याचं गप बसणं वाचायचं असतं. तो कुठं गप होतो, किती वेळ होतो, ते बघायचं. अब्बांना माती देऊन आलो आणि मला दिसलं. रोज दुपारी मार्केटातून येताना ते त्या दोस्ताच्या बंद घरापुढं उभे राहायचे. कुलपाकडं बघत. मी लहान होतो, मला भूक लागलेली असायची. मी त्यांचा हात ओढायचो, चला म्हणून. रोज. ते बोलत होते सर, अन् मी हात ओढत होतो. हे मला तुमच्यामुळं कळलं. उशीर झाला, पण कळलं. म्हणून तुमच्या बोलण्याचे आभार.”

चांदेकर सरांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“हे मी म्हणालो होतो?”

“व्हय. बेचाळिसाव्या मिनिटाला.”

“पठाण, खरं सांगू?” सरांनी नारळ दोन्ही हातांत धरला होता. “तुम्ही कळलं नाही म्हणालात ना, तेव्हा मला जो राग आला, तो एवढ्यासाठी, की मलाही ते पुरतं कळलेलं नव्हतं. कुणी पकडणार नाही असं वाटलं होतं.” ते स्वयंपाकघराच्या दिशेनं वळले आणि थकल्या आवाजात जमेल तेवढ्या मोठ्यानं हाक मारली, “अगं, जरा बाहेर ये. हातातलं ठेवून ये. पठाण, पुन्हा एकदा सांगाल? हिला ऐकू दे.”

काकू पदराला हात पुसत आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. त्यांच्या मागोमाग भांडी घासायला आलेली बाई काय चाललंय ते बघायला दारात येऊन उभी राहिली. बशीरभाई सुरू करायला गेले आणि थांबले. त्यांची नजर दाराकडे गेली होती.

“बाई, तुम्ही पण बसा ना,” ते म्हणाले. “उभ्यानं नाय कळायचं.”

ती लाजली, काकूंकडे बघितलं, आणि उंबऱ्याच्या आत फरशीवर बसली. ती नीट बसेपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं.